वाचनाची उधारवही

(इचलकरंजी येथे झालेल्या सायंकालीन व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बोलीचा बाज मात्र तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, वाचलेल्या पुस्तकांची नोंद कशी ठेवावी, यावर बोलतो. फोनवर क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "सर, तासभर पुरेल का हा विषय?" त्यांचंही चूक नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडून लोकांना ब्रह्म, माया, फार तर कांट अपेक्षित असतो. वहीत रकाने कसे आखावेत हे सांगायला पीएच.डी. कशाला लागते? पण या साध्या वहीनं मला म्हातारपणी एका बाबतीत खोटं पाडलंय. ती गोष्ट मला याच गावात सांगायची होती, म्हणून हा विषय.

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. इथं बसलेल्या निम्म्या लोकांचे वडील नाहीतर आजोबा होते, त्यामुळे फार सांगायला नको. मजुरी मीटरवर. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागं किती पैसे, हा हिशोब इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतो. (हशा) बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बाण्याचे, म्हणजे आडवे, किती धागे बसलेत तो आकडा. तर कारखान्यात दिवाणजीची वही असायची, आणि वडिलांच्या खिशात त्यांची स्वतःची एक छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. पाळी संपली की आपले मीटर आपण लिहायचे. आठवड्याच्या पगाराला दोन्ही वह्या जुळल्या तर ठीक, नाही जुळल्या तर बोलायला आधार.

१९६४ साली, नववीत असताना, मी त्यांचं बघून स्वतःची वही सुरू केली. आपल्या गावात १८७० पासून वाचनालय आहे, आपटे वाचन मंदिर. माझ्या पहिल्या वह्यांतली बहुतेक पुस्तकं तिथली. अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, तारीख. पहिल्या वर्षी ४१ पुस्तकं झाली. त्यातली निम्मी पातळ होती, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. शेजारचा मित्र ३५ वर अडकला होता, एवढंच मला पुरेसं होतं.

वडिलांनी एकदा ती वही चाळली आणि विचारलं, "हे मोजतोस कशाला? तुझा पगार कोण कापणार आहे?"

मला उत्तर आलं नाही. आज साठ वर्षांनी मी त्या प्रश्नाचं उत्तर देतोय असं समजा.

आकड्यासाठी मोजणं हा नोंदीचा सगळ्यात कच्चा प्रकार आहे. हल्ली मोबाईलवर त्याची सोय झाली आहे. वर्षाला ५० पुस्तकांचं लक्ष्य ठेवायचं आणि मागं पडलो की यंत्र आठवण करून देतं. मग काय होतं? माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो. जाडजूड ग्रंथ सहा महिने उशाशी ठेवून सावकाश वाचणारा या हिशोबात आळशी ठरतो. मीटर वाढतात आणि पीक विरळ होतं. असं कापड किती टिकतं, हे इथं मी सांगायला नको.

मग शहाण्या माणसांनी नोंदी कशासाठी ठेवल्या? तीन-चार उदाहरणं बघू.

गांधीजी मार्च १९२२ मध्ये पकडले गेले, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला ठेवलं. आजारपणामुळं फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटका झाली. या जवळजवळ दोन वर्षांत त्यांनी तुरुंगात रोजनिशी ठेवली. कुठलं पुस्तक संपवलं, कुठलं सुरू केलं, हे तिच्यात आहे. गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास आहे, महाभारत आहे, उर्दू आणि तमिळचा अभ्यासही आहे. बाहेर आल्यावर आपण काय वाचलं हे त्यांनी लेखांतून जाहीरही केलं. तुरुंगातला वेळ माझा नाही, तो देशाचा आहे आणि त्याचा हिशोब दिला पाहिजे, अशी त्यामागची वृत्ती मला दिसते.

दुसरा माणूस चार्ल्स डार्विन. १८३८ ते १८६० या काळातल्या त्याच्या वाचनाच्या वह्या आज उपलब्ध आहेत. वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं, अशा वेगवेगळ्या याद्या. पण यादीपेक्षा त्याचा एक नियम मला मोलाचा वाटतो. आत्मचरित्रात तो सांगतो की आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात आली की तो ती लगेच, तिथल्या तिथं टिपून ठेवायचा. कारण अनुकूल गोष्टी लक्षात राहतात आणि अडचणीच्या गोष्टी चटकन निसटतात, असा त्याचा अनुभव होता. मन हा लबाड कारकून आहे हो! आपल्या फायद्याची बाकी तेवढी नीट लिहून ठेवतो.

तिसरे आपले सतीश काळसेकर. कवी, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले. त्यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचनाच्या नोंदींतून उभं राहिलेलं पुस्तक एवढ्या मानाला पोचलं, याचा मला फार आनंद झाला होता. त्या रोजनिशीत पुस्तकांइतकीच माणसं आहेत, पुस्तकं लिहिणारी, करणारी, विकणारी, जपणारी. पुस्तक आपल्यापर्यंत कुणाच्या तरी हातून येतं, हे भान तिथं सतत जागं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला त्याच्याकडं परत यायचं आहे.

आणि एकट्या माणसाच्या वहीपलीकडं जाऊन अख्ख्या भाषेची वही ठेवणारेही झाले. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे दोन भाग आहेत. पहिल्यात १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं, दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतची. मराठीत काय छापलं गेलं, हे शोधायला अभ्यासक आजही तिथं जातात.

आता मोंतेन. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच निबंधकार स्वतःच्या कमजोर स्मरणशक्तीची मनमोकळी थट्टा करतो. एखादं पुस्तक नवीन समजून हातात घ्यावं आणि आत आपल्याच हस्ताक्षरातली टिपणं निघावीत, असं त्याला अनेकदा व्हायचं. माझ्या वयाच्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. (हशा) म्हणून त्यानं पुस्तकाच्या शेवटी वाचून संपल्याची तारीख आणि पुस्तकाबद्दलचं आपलं एकंदर मत लिहायला सुरुवात केली. त्याच निबंधात तो एक खोडकर कबुली देतो. आपल्या लेखनात दुसऱ्यांचे विचार घेताना तो कधीकधी मुद्दाम नाव देत नाही. टीकाकारांनी मोंतेनला झोडपायला जावं आणि फटका प्लुटार्क-सेनेकाला बसावा, ही त्यातली गंमत. पण बघा, नाव लपवायचं तर आधी ते माहीत असावं लागतं. मोंतेनला आपण कुणाचं देणं लागतो ते ठाऊक होतं. माझी अडचण तिथंच झाली.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

मी १९७८ पासून कॉलेजात शिकवत होतो. स्वातंत्र्य आणि नियती हा विषय आला की मी एक दाखला द्यायचो. मागावर ताणा आधीच चढवलेला असतो, तो आपल्या हातात नसतो. बाणा मात्र आपण टाकतो. ताणा म्हणजे बंधन, असं वाटतं. पण ताणाच नसेल आणि मोकळ्या हवेत धोटा फेकला, तर धागा नुसता लोंबकळेल, कापड होणार नाही. म्हणजे स्वातंत्र्याला उभं राहायला काहीतरी दिलेलं लागतं. मुलांना हे फार आवडायचं. पुढं मी ते एका लेखात लिहिलं. माझे विद्यार्थी आता प्राध्यापक आहेत, त्यांच्यातले काही "सर म्हणतात तसं" म्हणून तो दाखला देतात. हे तुला कसं सुचलं, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, लहानपणी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो होतो, त्यांच्या मागाशेजारी उभा होतो, तिथं सुचलं. मला ते चित्र दिसायचं. कापसाची रुई, खडखडाट, वडिलांची घामेजलेली पाठ. वडील गेले तेव्हा शोकसभेतही मी हीच गोष्ट सांगितली.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला. आमचं जुनं घर नदीच्या बाजूला, तळमजल्यावर एका लोखंडी ट्रंकेत माझ्या जुन्या वह्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, वह्या गच्चीवर पसरल्या, पानांवर खडे ठेवले. माझी सवय अशी की पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव फाउंटन पेननं, सुबक अक्षरात लिहायचं. वाचताना काढलेली टिपणं खाली पेन्सिलीनं. पेनची शाई पाण्यात विरघळते. पेन्सिलीतलं ग्राफाइट विरघळत नाही. त्यामुळं झालं असं की सगळी सुबक नावं गेली, जागेवर निळे डाग राहिले, आणि घाईघाईत खरडलेली टिपणं जशीच्या तशी.

१९७६ च्या वहीत एका निळ्या डागाखाली माझ्याच अक्षरात तो ताण्या-बाण्याचा दाखला होता. अवतरणचिन्हांत. पुढं 'पृ. ६३'.

मी बराच वेळ गच्चीवर बसून राहिलो. स्वतःच्या विचाराला कुणी पृष्ठ क्रमांक घालत नाही. म्हणजे तो मी कुठंतरी वाचला होता. पुस्तक विसरलो, लेखक विसरलो, आणि रिकाम्या जागेत माझ्या मनानं वडिलांचा माग आणून बसवला. चाळीस वर्षं मी दुसऱ्याचं वाक्य माझं म्हणून सांगत होतो, आणि ते वडिलांच्या नावानं सांगत होतो. लबाडी नव्हती. पण जे झालं ते चोरीपेक्षा फार वेगळंही नव्हतं.

इथं थोडं शास्त्र सांगतो. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हे सतराव्या शतकातलं छोटं पुस्तक. न्यायशास्त्र शिकणारे बहुधा तिथूनच सुरुवात करतात. नैयायिक ज्ञानाचे दोन भाग करतात, अनुभव आणि स्मृती. अनुभव येऊन जातो, मागं संस्कार राहतो. त्या संस्कारातून स्मृती जागी होते, पण तिला जागं करणारं काहीतरी लागतं. त्याला ते 'उद्बोधक' म्हणतात. नेहमीचं उदाहरण हत्तीचं. हत्ती दिसला की माहूत आठवतो. दोघांचा संबंध पूर्वी पाहिलेला असतो, म्हणून एक दुसऱ्याला जागं करतो. आणि स्मृतीला नैयायिक स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत. ती खरी की खोटी हे तिच्या मुळाशी असलेल्या अनुभवावर ठरतं. किती व्यवहारी माणसं! एखादी गोष्ट मला स्पष्ट दिसते म्हणजे ती घडली, असं होत नाही.

माझ्या बाबतीत हत्ती राहिला होता, माहूत हरवला होता. आणि बिनमाहुताचा हत्ती दिसला की आपण म्हणतो, हा माझाच! मानसशास्त्रातही ही गोष्ट माहीत आहे. आशय लक्षात राहतो, तो कुठून आला हे आधी विसरतं. आता प्रत्येकानं आपापलं तपासून बघावं. आपण ज्याला 'माझं मत' म्हणतो त्यातलं किती आपलं? किती एखाद्या जुन्या अग्रलेखाचं, किती वाचनालयातल्या फाटक्या कादंबरीचं, किती एखाद्या गुरुजींच्या बोलण्याचं?

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. माझा पगार कुणी कापणार नाही हे खरं, कारण वाचनात आपण कामगार नसतोच. आपण उधारीवर माल नेणारं गिऱ्हाईक असतो. वाचनाची वही ही कमाईची वही नव्हे, ती उधारवही आहे. किती वाचलं हा तिचा प्रश्न नाही. कुणाकडून काय घेतलं, हा आहे.

आपल्या परंपरेत ही कल्पना जुनी आहे. माणूस जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो असं तैत्तिरीय संहितेत सांगितलंय, त्यातलं एक ऋषिऋण. ते अध्ययनानं फिटतं. यातला कर्मठपणा बाजूला ठेवू. पण ज्ञानाला 'ऋण' हा शब्द वापरणाऱ्याला एक गोष्ट नक्की कळली होती. ऋण फेडण्याची पहिली अट म्हणजे ते आठवणं.

आता व्यवहार. मी पुरानंतर वही नव्यानं सुरू केली, तिची पद्धत सांगतो. फार सोपी आहे.

एका पुस्तकाला अर्धं पान. पहिल्या ओळीत पुस्तक, लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचं साल. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, म्हणून साल हवंच. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव विसरायचं नाही. आपण अर्धं जग अनुवादकांच्या उधारीवर वाचलेलं असतं.

दुसरी ओळ, पुस्तक कुणाकडून आलं. वाचनालय, मित्र, रस्त्यावरचा विक्रेता, कुणी शिफारस केली. काळसेकरांच्या रोजनिशीतली माणसं म्हणालो ना, ती इथं येतात. १९७४ साली आपल्या गावात साहित्य संमेलन झालं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते. त्या वर्षीच्या वहीत मी 'संमेलनात घेतलं' असं पेन्सिलीनं तीन ठिकाणी लिहिलंय. पुस्तकांची नावं पुसली गेली होती, पण त्या दोन शब्दांवरून मला तिन्ही पुस्तकं आठवली. उद्बोधक म्हणतात तो हा.

तिसरी ओळ, काय घेतलं. एकच वाक्य, आपल्या शब्दांत. लेखकाचे शब्द घेतले तर अवतरणचिन्ह आणि पान. सारांश लिहीत बसू नका. सारांश लिहायला घेतला की दहाव्या पुस्तकाला वही बंद पडते.

चौथी ओळ, कुठं पटलं नाही. हा डार्विनचा नियम. ही ओळ वारंवार कोरी राहत असेल तर समजा, आपण फक्त आपल्यासारख्यांचंच वाचतोय.

अर्धवट सोडलेली पुस्तकंही लिहायची, कुठल्या पानावर आणि का सोडलं यासह. त्यात लाज कसली? पंचविशीत सोडलेलं पुस्तक साठीत पूर्ण झालं, असं माझं दोनदा झालंय.

वहीची शेवटची काही पानं सूचीसाठी राखा. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं टिपणवहीची सूची कशी करावी, यावर चक्क एक छोटा प्रबंध लिहिला होता. आपल्याला तेवढं नको. 'स्वातंत्र्य' लिहावं, पुढं पानांचे आकडे. बस्स.

आणि हे सगळं पेन्सिलीनं. निदान नाव तरी. (हशा)

शेवटचं म्हणजे, वर्षातून एकदा वही वाचायची. व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतात, नवं खातं उघडतात. मी त्याच सुमाराला मागच्या वर्षाची वही पहिल्यापासून वाचतो. न वाचलेली वही म्हणजे उद्बोधक कपाटात कोंडून ठेवणं.

एक आक्षेप राहिला. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात एक राजा म्हणतो, लिहायला लागलात तर स्मरणशक्ती जाईल. माणसं बाहेरच्या खुणांवर विसंबतील. आक्षेप खरा आहे. वही ही स्मृती नव्हे. पण न लिहिता माझ्या स्मृतीनं चाळीस वर्षं काय केलं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. प्लेटोचाही तो आक्षेप आपल्यापर्यंत पोचला तो त्यानं लिहून ठेवल्यामुळं.

माझं बोलणं संपलं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : सर, वहीऐवजी मोबाईलमध्ये नोंदी ठेवल्या तर चालेल का?

उत्तर : चालेल की. मोबाईलचा फायदा म्हणजे शोधायला सोपं. फक्त लक्ष्य आणि आकडे बंद कर, आणि वर्षातून एकदा सगळं कागदावर छापून ठेव. मोबाईल हीसुद्धा एक ट्रंकच आहे, बाळ. तिच्यात पाणी कधी शिरेल सांगता येत नाही.

प्रश्न : पण प्रत्येक पुस्तकाची अशी नोंद करायची म्हटलं तर वाचनाचा आनंद जाणार नाही का?

उत्तर : वाचताना वही जवळ ठेवूच नका. पुस्तक संपवा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी चार ओळी लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. उधारी लिहिल्यानं जेवणाची चव जात नाही.

प्रश्न (एक ज्येष्ठ श्रोते) : ते पुस्तक शेवटी सापडलं का?

उत्तर : नाही. सहा-सात जुन्या पुस्तकांची ६३ वी पानं बघून झाली. मला अंधूक आठवतं की ते पातळ होतं, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं. पण माझ्या आठवणीवर किती विसंबायचं, हे तुम्ही आता जाणताच. (हशा) ते वाक्य मला एवढं भिडलं ते वडिलांच्या मागामुळं, यात मात्र शंका नाही. म्हणजे देणेकरी एक आणि देणी दोन. वडिलांचं नाव मला माहीत आहे, दुसरं माहीत नाही. माझ्या त्या लेखाचं पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं, तेव्हा मी त्या दाखल्याखाली एक तळटीप घातली: 'हा विचार माझा नाही. १९७६ साली किंवा त्याआधी छापलेल्या एका पुस्तकाच्या ६३ व्या पानावरून घेतला आहे. नाव पुरात गेलं.' प्रकाशकांना ती विचित्र वाटली, पण त्यांनी ठेवली.

तुमच्यापैकी कुणाला, किंवा हे व्याख्यान पुढं वाचणाऱ्यांपैकी कुणाला, जुन्या पुस्तकात तो दाखला सापडला तर संयोजकांकडं जरूर कळवा. पेन्सिल तयार ठेवली आहे.